चार सट आणि एक दगडी

सट हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. मध्यंतरी भाचीला फोनवर म्हटलं, "दही सटात लाव, छान लागतं." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "मावशी, सट म्हणजे?" भाची चांगली चाळिशीची आहे, स्वयंपाकही उत्तम करते. पण सट तिच्या घरात कधी आलाच नाही, तर शब्द तरी कुठून येणार? वस्तू गेली की शब्द तिच्यामागोमाग जातो. म्हणून म्हटलं, तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, तर या शब्दावर एक तास घ्यायला हरकत नाही!

आधी एक गंमत सांगते. आमच्या साताऱ्याकडे 'सट' म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक मार्गशीर्षातली चंपाषष्ठी. षष्ठीची सट झाली. चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी सुटायचं, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य व्हायचा. दुसरा सट म्हणजे फळीवरचा, चिनी मातीचा. लहानपणी मला वाटायचं, सटीला भरीत ज्यात कालवतात तो सट. आजी भरीत खरंच सटात कालवायची, त्यामुळे माझा समज बरीच वर्षं टिकला.

तर सट म्हणजे चिनी मातीचं, जाड बुडाचं, रुंद तोंडाचं भांडं. बरणीला खांदे असतात, मान असते, झाकण असतं. सटाला यातलं काही नाही. पसरट वाडगाच तो, पण वजनाला भरभक्कम. बाहेरून वरचा भाग तपकिरी आणि खालचा पांढुरका, किंवा सबंधच मळकट पांढरा. आतून गुळगुळीत. टिचकी मारली की खणखणीत वाजतो. बद्द वाजला तर समजायचं की कुठेतरी तडा आहे. बाजारात सट घेताना आजी प्रत्येकाला टिचकी मारून कान लावायची. दुकानदार कंटाळायचा, पण ती ऐकत नसे.

'चिनी माती' हा आपला शब्द फार ऐसपैस आहे. कप-बश्या, बरण्या, सट, खल, सगळ्यांना आपण एकच नाव देतो. खरं तर यात तीन वेगळ्या जाती आहेत. साधी माती हजार-अकराशे अंश सेल्सियसपर्यंत भाजली की तिची भांडी सच्छिद्र राहतात. माठातलं पाणी झिरपून गार होतं ते त्यामुळेच. माती योग्य असेल आणि भट्टी बाराशे अंशांच्या पुढे नेली तर मातीतले काही घटक वितळून आतली छिद्रं बुजवतात आणि भांडं दगडासारखं घट्ट होतं. आपले सट आणि लोणच्याच्या बरण्या या जातीच्या. इंग्रजीत तिला स्टोनवेअर म्हणतात, म्हणजे दगडासारखी भांडी. नाव अगदी सार्थ आहे. तिसरी जात पोर्सेलीनची, पांढऱ्या केओलिन मातीची, त्याहूनही जास्त उष्णतेत भाजलेली, उजेडासमोर धरली तर पातळ जागी प्रकाश आरपार दिसणारी. ती पाहुण्यांच्या कपाटातली. सट तिचा खेड्यातला चुलतभाऊ म्हणा!

दुरंगी बरणीचा तपकिरी रंग झिलईतल्या लोखंडाच्या अंशामुळे येतो. हा तपकिरी-पांढुरका प्रकार इंग्लंडात ब्रिस्टलकडे एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. त्याच्या आधी मिठाची झिलई चालायची. भट्टी ऐन तापात आली की तिच्यात मूठ मूठ मीठ टाकत. त्याची वाफ मातीतल्या वाळूच्या अंशाशी मिळून भांड्यावर काचेसारखा थर चढे, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खरबरीत. मला हे वाचून मोठी मौज वाटली. मीठ साठवायचं भांडं, आणि त्याचं कवचही मिठाचंच! आपल्या देशात अशी भांडी सौराष्ट्रातल्या थानगड, वांकानेर, मोरबी या गावांतून आणि उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून येत. आमच्या घरातले सट कुठले ते बुडाशी लिहिलेलं नव्हतं. आजोबांनी ते पालीच्या खंडोबाच्या यात्रेतून आणले होते, गवतात गुंडाळून, बैलगाडीतून.

आता कुणी म्हणेल, घरात तांब्या-पितळेची एवढी भांडी असताना हा जड, फुटका प्रकार हवा कशाला? त्याचं कारण आंबट. पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, लिंबू असं काही ठेवलं की ते कळकतं. हिरवट होतं, चवीला उतरतं, पोटातही कालवतं. आंबटातलं आम्ल तांब्याला खातं आणि ते अन्नात येतं. म्हणून तर कल्हई. दारात भाता मांडून बसलेला कल्हईवाला, तो नवसागराचा धूर, आणि कथलाचा बोळा फिरवला की क्षणात चांदीसारखं होणारं पातेलं, माझ्या वयाच्या वाचकांना वास आला असेल! पण कल्हई उडते. रोज घासून घासून तीन-चार महिन्यांत खालचं पितळ डोकावू लागतं. लोणचं तर वर्षभर राहायचं. मीठही धातूला खातं. तेव्हा आंबट आणि खारट या दोघांसाठी धातू नव्हे असं भांडं हवं. लाकडाला वास धरतो, माठ पाझरतो, काच महाग आणि नाजूक. राहिला सट.

आमच्याकडे चार सट होते. तीन स्वयंपाकघरात, थोरला, मधला आणि धाकटा. चौथ्याचं पुढे सांगते.

थोरला सट विरजणाचा. रात्री निरसं राहिलेलं दूध तापवून, बोट सोसेल इतकं कोमट झालं की सटात ओतायचं, चमचाभर दही टाकून दोनदा इकडून तिकडे ओतायचं आणि वर ताटली. सटाचं जाड अंग एकदा गरम झालं की हळूहळू निवतं, त्यामुळे दह्याच्या जिवाणूंना हवी ती ऊब तासन् तास मिळते. थंडीत आई सट जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायची. कधी ज्वारीच्या कणगीत मधोमध बसवायची. सकाळी वडी पडेल असं दही. मातीच्या गाडग्यातलं दही आणखी घट्ट लागतं हे खरं, कारण गाडगं पाणी शोषतं. पण गाडग्याला आंबूस वास धरतो आणि ते मधून मधून बदलावं लागतं. सट धुतला की पुन्हा कोरा.

मधला सट लोण्याचा. ताक झालं की लोण्याचा गोळा गार पाण्यात घालून सटात ठेवायचा. पाणी रोज बदलायचं. आठवड्याचं लोणी साठलं की कढवायचं. आम्हा मुलांचं लक्ष या सटावर. श्रावणात गोकुळाष्टमीच्या सुमारास त्यातलं लोणी जरा जास्तच वेगानं कमी व्हायचं, आणि आई त्याचं कारण कृष्णालाच विचारायची.

धाकटा सट सगळ्या फुटकळ कामांचा. सकाळी त्यात चिंच भिजत पडलेली, दुपारी कोशिंबीर, संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या धिरड्यांचं पीठ. काकडी चोचवून त्यात मीठ घातलं तरी भांड्याला काही होत नाही. दसऱ्याला श्रीखंडासाठी चक्का मळायला तोच. आजारपणात सुंठ-साखर कालवायला तोच. दिवाळीत उटणं भिजवायलाही तोच, मात्र मग चार दिवस त्याला स्वयंपाकघरात यायची बंदी.

आणि लोणच्याच्या बरण्या. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी, घरात लोणच्याची गडबड. बरण्या आठ दिवस आधी धुऊन कडकडीत उन्हात वाळवायच्या. मग निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्यावर बरणी पालथी धरायची, आत हिंगाची धुरी भरायची. कैरीच्या फोडी पुसून कोरड्या करायच्या. किलोला पाव किलोच्या आसपास मीठ. मोहरी फेसलेली, हळद, मेथी, हिंग, तिखट. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओतायची, वर तेलाचा बोटभर थर यायला हवा. शेवटी झाकण आणि त्यावर दादरा. दादरा म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधायचं धुवट पांढरं फडकं. हाही शब्द भाचीला सांगायचा राहिलाच.

या प्रत्येक पायरीला कारण आहे. मीठ फोडीतलं पाणी ओढून काढतं, त्या खारात कुजवणारे जंतू वाढत नाहीत. तेल हवा अडवतं. जाड, अपारदर्शक बरणी उजेड अडवते, त्यामुळे तेल लवकर खवट होत नाही. आणि पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, कारण ओल शिरली की बुरशी. "ओला चमचा घालशील तर याद राख!" हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी मूल माझ्या पिढीत नसेल. आजीला बुरशीचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण तिचा नियम शंभर टक्के शास्त्रीय होता.

पण आजीचे सगळेच नियम तसे नव्हते. लोणचं सोवळ्यात. बरणीला हात आजीचा किंवा आईचा, तोही आंघोळीनंतर. घरातल्या मुलीसुनांनी महिन्यातले चार दिवस बरणीच्या खोलीकडे फिरकायचं नाही, सावलीनं लोणचं नासतं म्हणे. मी आठवीत असताना घरच्या सगळ्या मोठ्यांना तापानं घेरलं होतं आणि त्या चार दिवसांतच मला जेवणाचं सगळं पाहावं लागलं. लोणचंही मीच काढलं, कोरड्या चमच्यानं. ते पुढच्या मे महिन्यापर्यंत उत्तम राहिलं. याची चर्चा घरात कुणी केली नाही. मी मात्र मनाशी नोंद केली.

आता चौथा सट.

तो वाडग्याएवढा होता. काठाचा एक टवका उडालेला, अंगठ्याच्या नखाएवढा. त्याची जागा स्वयंपाकघरात नव्हती. मागच्या दाराबाहेर, पडवीच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तो पालथा असायचा. गोठा झाडायला आणि गोवऱ्या थापायला एक बाई येत, गावाबाहेरच्या वस्तीतून. गावात त्यांना सगळे नावानं हाक मारत. इथे मी मावशी म्हणते. काम झालं की मावशी तो सट कोनाड्यातून काढून पायरीवर ठेवत आणि दोन पावलं मागे सरत. आई किंवा आजी वरून चहा ओतत. धार उंचावरून, म्हणजे भांड्याला भांडं लागायला नको. चहा पिऊन झाला की मावशी सट स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालत.

जुन्या धर्मशास्त्राचा हिशेब असा की धातूचं भांडं बाटलं तर राखेनं घासून, विस्तवावर धरून शुद्ध होतं. मातीचं बाटलं तर टाकून द्यायचं, कारण माती शोषून घेते. चिनी माती धड धातू नाही, धड माती नाही. आजीनं तिच्यापुरता निकाल लावला होता. टवका उडालेला सट वेगळाच काढला की प्रश्नच नको.

शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवत असे. संविधानाचं कलम १७, अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. १९५५ साली त्यावर कायदाही झाला. फळ्यावर हे लिहिताना दरवेळी माझ्या डोळ्यांपुढे तो कोनाडा यायचा. ज्या वर्षांबद्दल मी मुलांना शिकवत होते त्याच वर्षांत आमच्या पडवीत ती उंचावरची धार पडत होती. आमचं घर काही क्रूर नव्हतं. आजी मावशींच्या बाळंतपणाला तूप पाठवायची, सणाला लुगडं द्यायची. मावशी आजारी पडल्या तर डब्यात पेज जायची. पण डबा परत यायचा नाही, परत घ्यायचाच नसायचा. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातून व्हायच्या आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नसे. जुन्या घरांच्या आठवणी लिहिताना आपण तूप आणि लुगडं लिहितो. कोनाडा लिहीत नाही. म्हणून इथे लिहिला.

१९७० सालची गोष्ट. मी साताऱ्याला कॉलेजात होते, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर स्वयंपाकघरातल्या फळीवर तीनऐवजी चार सट. टवक्याचा सट धाकट्याच्या शेजारी, आणि त्यात विरजण लावलेलं! मी आईकडे बघितलं. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "लहान आहे ना, तुझ्या दादापुरतं दही बरं लागतं त्यात." दुपारी मावशी आल्या. त्या वर्षी घरात नवे स्टीलचे पेले आले होते, त्यातलाच एक आईनं भरून त्यांच्या हातात दिला. हातात. मावशी पेला विसळायला निघाल्या तर आई म्हणाली, "ठेवा तिथंच, मी घेते." बस्, एवढंच. कोनाडा रिकामा होता.

आजी तेव्हा होती. माजघरात बसून वाती वळायची, पण तिला सगळं दिसायचं. ती एक शब्द बोलली नाही. आईनंही तिला काही समजावलं नाही. फक्त त्या दिवसापासून आजीनं घरातलं दही खाणं सोडलं. नुसतं त्या सटातलं नाही, सगळंच. ताकभात तिचा जीव की प्राण, पण तिनं भातावर दूध घ्यायला सुरुवात केली. "दात शिवशिवतात दह्यानं," म्हणायची. शेवटची दोन वर्षं ती दह्यावाचून राहिली. आई रोज तिच्या ताटात दह्याची वाटी वाढायची आणि रोज ती वाटी तशीच परत यायची. दोघींमध्ये या विषयावर भांडण झालं असेल तर ते या वाटीपुरतं. मी दोघींच्याही अंगाखांद्यावर वाढले, आणि आजही मला आजीचा राग आणि आजीची कणव एकदमच येते.

पुष्कळ वर्षांनी, मी नोकरीत असताना, मावशींची मुलगी मला एस. टी. स्टँडवर भेटली. ती नर्स झाली होती. बाकावर बसून आम्ही खूप बोललो. बोलता बोलता मी त्या सटाचं काढलं, आईनं तो कसा आत आणला ते सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई तुमच्याकडून आली की घरी परत चहा करायची. थोडासाच. कपबशीतून प्यायची. आम्ही विचारायचो, आत्ता तर पिऊन आलीस ना? तर म्हणायची, तो कामाचा, हा माझा."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. आजही नाही. आमच्या घराला वाटत होतं की गोष्ट १९७० साली आईच्या हातून घडली. मावशींच्या घरात ती त्याच्या कितीतरी आधी, रोज, एका कपबशीत घडत होती.

असो. पुढचं सांगते.

१९७४ साली माझं लग्न झालं आणि मी कोकणातल्या माणसांत आले. तिथे मला दगडी भेटली. ही खरोखरच दगडाची. शंखजिऱ्याच्या जातीचा मऊ दगड कोरून केलेलं काळपट भांडं. हाताला साबणासारखं गुळगुळीत लागतं. तमिळ लोकांतही अशीच दगडाची भांडी असतात, त्यांना ते कल्चट्टी म्हणतात. सटाला विस्तव सोसत नाही, एका बाजूनं तापला की तडकतो. दगडी मात्र चुलीवर चढते. सासूबाई तिच्यात आमटी करायच्या. दगडी तापायला वेळ लागतो, पण एकदा तापली की चुलीवरून उतरवून पाटावर ठेवली तरी आमटी बराच वेळ रटरटत राहते. चिंच-कोकम घातलं तरी कळकत नाही. नवी दगडी मात्र एकदम विस्तवावर घालायची नाही. आधी तेल-हळद चोळायची, काही दिवस तांदळाची गरम पेज भरून ठेवायची, मग मंद आचेवर सवय करायची. सासूबाई म्हणायच्या, "नव्या सुनेसारखी हळू तापवायची." ते वाक्य त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. मी हसले, त्याही हसल्या, आणि आमचं जमलं.

पुढे स्टील आलं, मग प्लॅस्टिक, मग फ्रीज. मी काही जुन्याची आरती ओवाळणारी नाही. स्टील कळकत नाही, फुटत नाही, कल्हईवाल्याची वाट पाहायला लावत नाही. सहाच्या शाळेला निघणाऱ्या बाईला स्टीलच्या डब्यानं किती हात दिला ते मला माहीत आहे. भरलेली बरणी उतरवताना आईचा पाय मोडता मोडता वाचला होता, तेही मी विसरले नाही. तरी दही, लिंबाचं लोणचं आणि मीठ या तीन गोष्टी मी अजून चिनी मातीतच ठेवते.

अमेरिकेतल्या लेकीनं मागे एक शंका काढली, "आई, जुन्या भांड्यांत शिसं असतं म्हणे!" शंका रास्त आहे. कमी उष्णतेवर भाजलेल्या भांड्यांच्या झिलईत शिसं वापरायची पद्धत होती, आणि भडक रंगांच्या नक्षीतही ते असू शकतं. आंबट पदार्थात ते उतरतं, लहान मुलांना फार वाईट. सटासारख्या कडक भाजलेल्या भांड्यांना शिशाची गरज पडत नाही. पण जुन्या बाजारातून आणलेलं भांडं नेमकं कुठल्या जातीचं हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून माझा साधा सल्ला, खात्री नसलेल्या, रंगीत नक्षीच्या किंवा झिलई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवू नका. त्यात कांदे-बटाटे ठेवा, लिंबं ठेवा, रोप लावा. झिलईला जाळीसारख्या बारीक रेषा पडल्या असतील तर त्यात अन्न अडकून वास धरतो, तोही कोरड्या कामाला. आणि कुठलाही सट गॅसवर ठेवू नका, फ्रीजमधून काढून त्यात उकळतं ओतू नका. धुवायला कोमट पाणी आणि सोडा पुरे. मग चांगलं ऊन दाखवा.

आता वाटणीचं. आई गेल्यावर भावंडांनी भांडी वाटून घेतली तेव्हा पितळेवर सगळ्यांची नजर, सट मात्र कुणालाच नको होते. चारही माझ्याकडे आले. थोरला मागल्या वर्षी मोलकरणीच्या हातून नाही, मांजराच्या पायानं फुटला. मधला भाचीला दिला आहे, म्हणजे आता तिला शब्दही मिळाला आणि वस्तूही. धाकटा नातसुनेनं मागितला. ती त्यात हॉलमध्ये फुलं ठेवणार आहे. ठेवू दे. दगडी लेक नेणार म्हणते, पण तिच्या विमानाच्या बॅगेचं वजन पाहता मला भरवसा नाही.

राहिला टवक्याचा. माझ्या स्वयंपाकघरात तोच रोजच्या विरजणाचा आहे. गंमत पाहा, पन्नासहून जास्त वर्षं दही लावतेय, पण त्याला कसला वास नाही, कसला डाग नाही. त्याच्या झिलईनं आत काहीच शिरू दिलं नाही. त्यात बाटण्यासारखं कधी काही नव्हतंच.

हा मी कुणाला देऊ, हे ठरत नाही. घरच्यांपैकी जे कुणी हे वाचत असाल त्यांना सांगून ठेवते, ज्याला हवा त्यानं जरूर मागावा, पण मग वरची हकीकतही बरोबर न्यावी लागेल. आजीच्या तुपासकट, आईच्या भाकरीसकट आणि मावशींच्या त्या थोड्याशा चहासकट. नुसता सट मिळणार नाही.

आणि इतर वाचकांनो, तुमच्याकडे याला काय म्हणत? सटच, की आणखी काही? तुमच्या घरी कुठल्या कामाला होता? जरूर कळवा. शब्द गोळा करून ठेवायची माझी मास्तरकीची खोड अजून गेलेली नाही.